धायरीत घरी येणाऱ्या स्तनपान सल्लागार ताई: एका आजीचा अभिप्राय

पुण्यात धायरी, नऱ्हे, वडगाव, आनंदनगर या पट्ट्यात कुणाच्या घरी बाळंतपण असेल, तर हा अभिप्राय त्यांच्यासाठी लिहिते आहे. माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आमच्याकडे धायरीला आली होती. बाळाला अंगावर पाजायला जमेना म्हणून आम्ही एका स्तनपान सल्लागार ताईंना घरी बोलावलं. त्या मूळच्या परिचारिका. बरीच वर्षं प्रसूतिगृहात नोकरी करून आता स्वतंत्रपणे घरोघरी जातात. त्यांना विचारल्याशिवाय नाव आणि नंबर जाहीर करणं मला बरं वाटत नाही. आम्हाला त्यांचा पत्ता बालरोगतज्ज्ञांनी दिला. तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना विचारा, बहुतेकांच्या माहितीत असं कुणीतरी असतं.

पैशांचं आधी सांगते, कारण सगळे आधी तेच विचारतात. पहिल्या भेटीचे १,८०० रुपये, पुढच्या प्रत्येक भेटीचे १,०००. पहिली भेट दीड तासाची म्हणून ठरते, आमच्याकडे त्या त्याहून बऱ्याच जास्त वेळ बसल्या. मधल्या काळात फोनवर विचारलेल्या शंकांचे पैसे त्या घेत नाहीत.

लेकीचं सिझेरियन झालं होतं. ज्या खासगी रुग्णालयात झालं तिथे पहिल्याच रात्री "अजून दूध उतरलेलं नाही, बाळ उपाशी राहील" असं म्हणून बाळाला बाटलीनं डब्याचं दूध दिलं. आम्हाला धड विचारलंही नाही. पहिल्या दिवशी नवजात बाळाच्या पोटात एका वेळी पाच-सात मिलिलिटर, म्हणजे एक-दीड चमचाच मावतं, आणि आईला तेव्हा येतो तो चीकही तेवढाच असतो. हे सांगायला तिथे कुणाला वेळ नव्हता. घरी आलो तेव्हा परिस्थिती अशी: लेकीची छाती भरून टणक झालेली, स्तनाग्रांना भेगा, बाळ तोंडात धरायचं आणि सोडून रडायचं, आणि प्रत्येक वेळी बाळाला जवळ घेताना लेक दात-ओठ आवळून बसायची. कपाटावर डबा होताच. पुढचा चमचा त्यातून काढणं सगळ्यात सोपं होतं.

आणि हे सगळं धायरीत. बाहेरच्यांना कदाचित आठवणार नाही, पण जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची साथ आली ती आमच्याच भागात. किरकटवाडी, नांदेड गाव, नांदोशी, धायरी, खडकवासला ही नावं रोज बातम्यांत होती. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला. दूषित पाण्यातून, अन्नातून पोटात जातो, आधी जुलाब होतात, आणि काहींच्या बाबतीत पुढे हातापायांतली ताकद जाते. लेक तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती. आम्ही तेव्हापासून पाणी खळखळून उकळतो, वीस लिटरच्या जारवरही विश्वास टाकत नाही. अशा ठिकाणी दिवसातून आठ-दहा वेळा बाटली, बूच, चमचा, पाणी सगळं निर्जंतुक ठेवून डब्याचं दूध करायचं, तेही रात्री दोन वाजता झोपेत! एखादी वेळ चुकणारच.

तर पहिली भेट. ताईंनी आल्या आल्या साबण मागितला, कोपरापर्यंत हात धुतले. मग लेकीला म्हणाल्या, "तू रोज पाजतेस तसंच पाज. मी नुसती बघते." बराच वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. हात लावण्याआधी प्रत्येक वेळी विचारत होत्या, "लावू का गं?" रुग्णालयात लेकीच्या छातीला येणारा-जाणारा प्रत्येक जण हात लावून दाबून गेला होता. त्यामुळे या एका प्रश्नानंच ती सैल झाली.

मग त्यांनी दाखवलं ते असं. बाळाची मान वळलेली होती, पोट छताकडे आणि तोंड आईकडे. ते बदललं: कान, खांदा, कंबर एका रेषेत, आणि पोट आईच्या अंगाला टेकलेलं. टाक्यांवर भार येऊ नये म्हणून बाळाला बगलेतून घेतलं, पाय मागच्या बाजूला. नाक स्तनाग्रासमोर. बाळ आपोआप आ वासेपर्यंत थांबायचं, पूर्ण वासला की पटकन जवळ घ्यायचं, हनुवटी आधी टेकली पाहिजे. नुसतं टोक तोंडात गेलं तर दूध येत नाही आणि भेगा पडतात. भोवतीचा काळा भाग, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात गेला पाहिजे. खालचा ओठ बाहेर मुडपलेला दिसला पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला जमलं. आधी भराभर चोखणं, मग संथ, आणि मग घोट गिळल्याचा बारीक आवाज. लेक म्हणाली, "आई, दुखत नाहीये." मी स्वतः दोन मुलांना पाजलं आहे, पण यातलं निम्मं मला कधी कुणी समजावून सांगितलेलं नव्हतं.

हातानं दूध काढायलाही त्यांनी त्याच दिवशी शिकवलं. भरलेली छाती आधी थोडी मोकळी केली की बाळाला धरणं सोपं जातं. पंप घ्यायचा का, हा प्रश्न जावयानं विचारला, कारण त्यानं ऑनलाइन एक महागडा बघून ठेवला होता. "आत्ता नको, नोकरीवर जाताना बघू," एवढंच उत्तर. विकायला त्यांच्याकडे काहीही नव्हतं, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

खरं काम पुढे झालं. बाळ झोपल्यावर त्या बाहेरच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "आता घरातल्या सगळ्यांना बोलवा." जावई चाकणला कंपनीत आहे, त्यानं शिफ्ट बदलून घेतली होती. मी होते. आणि कराडहून नातवाला बघायला आलेल्या आमच्या विहीणबाई होत्या. त्यांनी येताना सहाण आणि बाळघुटीचा डबा आणला होता.

विहीणबाई मायाळू आहेत. त्यांनी चार नातवंडं घुटीवर वाढवली आहेत आणि चारही धडधाकट आहेत. लेकीला सासूपुढे नाही म्हणता येत नव्हतं, मला विहिणीपुढे. ताई म्हणाल्या, "मावशी, डबा दाखवा ना." एकेक जिन्नस हातात घेऊन बघितला: वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, हिरडा, बेहडा, जायफळ, ज्येष्ठमध, खारीक, बदाम. कशाचे किती वेढे द्यायचे तेही विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या उगाळण्याला मी नावं ठेवत नाही. पण ही सहाण कधी नीट वाळत नाही. खारीक-बदामाचा अंश तिच्या छिद्रांत राहतो, त्यावर माशी बसते, आणि वर पाणी कुठलं? ते सगळं बोटावरून बाळाच्या तोंडात जातं. बाळाचं आतडं अजून कोवळं आहे. सहा महिने त्याच्या तोंडात आईच्या दुधाशिवाय काही जाऊ देऊ नका. मध नाही, ग्राइप वॉटर नाही, साखरेचं पाणी नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध तेवढं द्यायचं."

विहीणबाईंनी विचारलं, "एप्रिलचं ऊन आहे, पाण्याविना लेकराचा घसा नाही सुकायचा?" मलाही हीच शंका होती. ताईंनी सांगितलं, आईच्या दुधात शेकडा ८७-८८ भाग पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा मागतं, तेवढ्या वेळा पाजायचं, बस. वर पाणी पाजलं तर इवलं पोट त्यानंच भरतं, बाळ दूध कमी ओढतं, आणि जेवढं कमी ओढतं तेवढं पुढे कमी तयार होतं. लघवीवर लक्ष ठेवा म्हणाल्या. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा लंगोट ओले होत असतील तर दूध पुरतंय.

चिकाबद्दल त्या बोलल्या ते तर मी आता गल्लीभर सांगत असते. गाईचा चीक कुठे मिळाला तर आपण वेलची-जायफळ घालून खरवस करतो आणि शेजारीपाजारी वाटतो. बाळंतिणीचा पिवळा चीक मात्र जड, बाधेल म्हणून पिळून टाकायला सांगणारी माणसं अजून आहेत. त्या थोड्या थेंबांत रोगप्रतिकारक द्रव्यं सगळ्यात दाट असतात. ती बाळाच्या आतड्यावर अस्तर धरतात आणि जंतूला चिकटू देत नाहीत.

इथे जावयानं चांगला प्रश्न विचारला: बाळाला जुलाब करणारे जंतू तर शेकडो, मग आईच्या दुधाला कसं कळतं कुठला अडवायचा? उत्तर ऐकून मी थक्क झाले. आई त्याच घरात राहते, तेच पाणी पिते, त्याच हवेत वावरते. तिच्या आतड्यात जो जंतू येतो त्याची ओळख पटलेल्या पेशी रक्तातून स्तनापर्यंत जातात, आणि त्याच जंतूवरची प्रतिद्रव्यं दुधात उतरतात. म्हणजे धायरीत राहणाऱ्या आईच्या दुधात धायरीच्या जंतूंवरचा तोडगा असतो. डब्यात तो घालता येत नाही. शिवाय दुधात काही शर्करा अशा असतात की बाळाला त्या पचतच नाहीत. त्या असतात बाळाच्या आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंना पोसायला, आणि ते वाढले की त्रासदायक जंतूंना जागा उरत नाही.

दोन आकडे त्यांनी सांगितले, नंतर मी डॉक्टरांनाही विचारून खात्री केली. पहिल्या सहा महिन्यांत ज्या बाळांना आईचं दूध अजिबात मिळत नाही, त्यांना जुलाबानं मरण येण्याचा धोका निव्वळ आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा दहापटीनं जास्त असतो. आणि जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब सांगतो की लहान मुलांच्या जुलाबाच्या जवळजवळ निम्म्या वेळा स्तनपानानं टळू शकतात. आपल्या देशाची अवस्था बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली मुलं ४१.८ टक्केच होती, आणि सहा महिन्यांच्या आतली निव्वळ आईच्या दुधावर असलेली ६३.७ टक्के. शिकलेल्या, पैसेवाल्या पुण्यात, चकचकीत रुग्णालयात आमच्या नातवाचा पहिला घास डब्यातून आला, त्यामुळे मला या आकड्यांचं आश्चर्य वाटत नाही. १९९२ च्या कायद्यानं बाळदुधाच्या जाहिरातीला, मोफत नमुने वाटायला आणि डब्यावर बाळाचं चित्र छापायलाही बंदी आहे. कायदा जाहिरात थांबवतो. मध्यरात्री दमलेल्या बाळंतिणीपाशी बसायला मात्र माणूसच लागतो.

मी या विषयावर एवढं पोटतिडकीनं का लिहिते, तेही सांगते. १९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. दौंड तालुक्यात आमचं गाव. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, पहाटे निघून दिवेलागणीला परत. धाकटा भाऊ चार महिन्यांचा, आजीपाशी ठेवलेला. आजी त्याला शेळीचं दूध पाणी घालून काचेच्या बाटलीनं पाजायची. पाणी विहिरीच्या तळाचं, गढूळ. त्याला जुलाब लागले. जाणती माणसं म्हणाली, दूध तोडा, पाणीही देऊ नका, पोटाला आराम द्या. आई कामावरून यायची तेव्हा तिचं लुगडं दुधानं भिजलेलं असायचं, आणि तिला बाळाला घेऊ देत नसत. तो गेला. कुणाच्याही मनात त्याचं वाईट नव्हतं. कुणाला माहीतच नव्हतं की जुलाब लागल्यावर तर आईचं दूध जास्त वेळा द्यायचं असतं. त्या दिवशी बाहेरच्या खोलीत मी हे ताईंना आणि विहीणबाईंना सांगितलं. विहीणबाई उठून माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांच्याकडेही असं एक मूल गेलेलं होतं, नणंदेचं.

घुटीचा डबा मग बंदच राहिला. विहीणबाईंनी नाभीभोवती बाहेरून हिंगाचा लेप लावायची परवानगी मागून घेतली, ताईंनी ती आनंदानं दिली. आणि त्यांना कामही दिलं: "मावशी, बाळाला नाही, बाळंतिणीला भरवा." अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, लसणीची चटणी, सगळं जोरात सुरू झालं. ताईंनी एवढं स्पष्ट सांगितलं की दूध वाढतं ते मुख्यतः बाळानं वारंवार ओढल्यामुळे, विशेषतः रात्री. लाडू आईच्या ताकदीसाठी. संध्याकाळी दोन तास बाळ आजीनं सांभाळायचं आणि लेकीनं झोपायचं, असाही नियम घालून दिला. पुण्यात सल्लागार आणखी असतील, पण सासूशी आणि आईशी असं बोलणारी बाई मिळाली तर तिला सोडू नका. बाळाच्या तोंडात काय जायचं हे घर ठरवतं, एकटी बाळंतीण ठरवू शकत नाही.

पुढच्या भेटींमध्ये वजन, भेगा, गाठी हे सगळं बघितलं. डब्याचं दूध हळूहळू कमी करत पूर्ण सुटलं. मधे एकदा आम्ही सगळे घाबरलो, कारण बाळ दिवसातून सात-आठ वेळा पिवळी, पातळ, दाणेदार शी करायला लागलं. शेजारच्या बाईंनी "दूध बाधतंय, बंद कर" असा सल्ला दिला. फोनवर ताईंनी विचारलं: बाळ खेळतंय का, पितंय का, वजन वाढतंय का, शीत रक्त किंवा शेंब आहे का? अंगावरच्या बाळाची शी अशीच असते, ते जुलाब नव्हेत. नेमक्या याच ठिकाणी किती आयांचं चांगलं चाललेलं पाजणं थांबवलं जात असेल!

लेकीची २६ आठवड्यांची रजा संपत आली तेव्हा दूध काढून ठेवायचं त्यांनी शिकवलं. स्टीलच्या स्वच्छ डब्या, तारीख-वेळ लिहून, फ्रिजच्या दारात नाही तर आत मागे. बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. पाजायचं वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं, कारण बाटलीचं बूच आतून घासून स्वच्छ होत नाही. माझ्या आईचं चांदीचं बोंडलं ट्रंकेत पडून होतं, ते उकळून वापरात आलं.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की स्तनपान म्हणजे जुलाब कधीच होणार नाहीत असं नाही. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं, बाळ रांगायला लागलं, दिसेल ते तोंडात घालायला लागलं, आणि त्याला एकदा जुलाब झालेच. लोक म्हणतात दात येतायत म्हणून. ताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की दातांचं नाव घेऊन बसू नका, जमिनीवरून काय तोंडात जातंय ते बघा. डॉक्टरांनी ओआरएस दिलं, पूर्ण पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, आणि झिंक २० मिलिग्रॅम रोज, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. अंगावर पाजणं चालूच, उलट जास्त. बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शीत रक्त दिसलं तर घरी थांबायचं नाही, हे त्यांनी कागदावर लिहून फ्रिजला लावून ठेवलं होतं. तशी वेळ आली नाही. रोटाव्हायरसची लसही सहा, दहा, चौदा आठवड्यांना तोंडावाटे दिलेली होती. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते, आणि त्यातली एक, रोटासिल, आपल्या पुण्याच्या सीरममध्येच बनते.

उणिवा. पहिल्या भेटीला त्या तासभर उशिरा आल्या. सिंहगड रोडची वाहतूक सगळ्यांना ठाऊक आहे, पण बाळ रडत असताना तो तास फार लांब असतो, निदान फोन करायला हवा होता. त्यांनी दिलेलं छापील पत्रक इंग्रजीत होतं. विहीणबाईंना आणि घरकामाच्या मावशींना त्याचा काय उपयोग? मी तसं बोलून दाखवल्यावर त्यांनी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठी व्हिडिओ दाखवले, ते उत्तम आहेत आणि फुकट आहेत. पत्रक मात्र मराठीत यायलाच हवं.

आणि फी. आम्हाला परवडली, सगळ्यांना परवडणार नाही. आमच्या घरकामाच्या मावशींच्या सुनेला मी आशाताईंशी जोडून दिलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बघायचं असतं. ही घरी जाऊन नवजात बाळाला बघायची पद्धत आपल्याच गडचिरोलीतल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून देशभर गेली. पैसे लागत नाहीत. तुमच्या भागातल्या आशाताई कोण हे महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात विचारून ठेवा.

माझे पाचपैकी साडेचार. बोलवायचं असेल तर आठव्या महिन्यातच बोलून ठेवा आणि त्या भेटीला सासू, आई, नवरा सगळे घरी असतील असं बघा. रुग्णालयालाही आधीच लिहून द्या की बाळाला आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं असेल तर वैद्यकीय कारण सांगून, आम्हाला विचारून द्यावं. रविवारी त्या येत नाहीत, फोन मात्र उचलतात.